सरकारजमा समुद्र

उत्कर्षाने वाळू मागितली होती दोन घमेली. आली ट्रॉली.

ट्रॅक्टर मागे मागे येत अंगणवाडीच्या दाराला लागला, ट्रॉलीचा फाळका उघडला आणि ती काही बोलायच्या आत सगळी वाळू सर्रकन खाली आली. ढीग थेट उंबऱ्याला टेकला. आत ठमाबाई मदतनीस खिचडीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या ताटावरचा उजेडच गेला.

"अकबरभाऊ, हे काय?"

"समुद्र," अकबर ट्रॅक्टरवरूनच म्हणाला. "तुमीच म्हणला व्हता न्हवं?"

"मी दोन घमेली म्हणाले होते."

"दोन घमेल्यांसाठी ट्रॅक्टर काढायचा म्हंजे डिझेललाबी लाज वाटंल, बाई."

खरी गोष्ट वेगळी होती. अकबरच्या नव्या घराचं प्लॅस्टर उरकलं होतं आणि उरलेली वाळू अंगणात पडून होती. तिच्यात कुत्री लोळायची, मांजरं नको ते करून झाकून ठेवायची, आणि त्याची बायको करिमा रोज विचारायची की हा डोंगर आपल्या दारातून कधी हलणार. अशा वेळी उत्कर्षाने वाळू मागितली. अकबरने घरी जाऊन आधी ती चाळून घेतली, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याची चार वर्षांची अस्मा मडगार्डवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "ही आमच्या घरची वाळू हाय."

"बाहेर कसं पडायचं तेवढं सांगा," आतून ठमाबाई म्हणाल्या.

उत्तराची वाट न बघता त्या ढिगावरून रांगत बाहेर आल्या. पाटमळ्याच्या समुद्रकिनाऱ्यावर पहिलं पाऊल पडलं ते ठमाबाईंचं, आणि तेही पाऊल नव्हतंच, गुडघा होता.

समुद्राचं हे खूळ सेविकांच्या बैठकीत उगवलं होतं. पाटमळा म्हणजे लासुर्ण्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला वसलेली वस्ती. वर्षभरापासून तिथं एक पिवळी व्हॅन येऊ लागली होती. ती टाय लावलेली तीन-तीन वर्षांची पोरं गोळा करून नर्सरीत न्यायची. त्या नर्सरीने सगळ्या आयांच्या फोनवर पाठवलं की आमच्याकडे बीच डे आहे, गॉगल आणि टोपी द्यावी. झालं, अंगणवाडीतली आणखी काही पोरं व्हॅनमध्ये जाऊन बसली. मग पर्यवेक्षिका योगिनी मॅडमनी बैठकीत अगदी मऊ आवाजात सांगितलं की पाटमळ्याचा पट घसरतोय, पुढच्या महिन्यापासून ही अंगणवाडी कालव्यापलीकडच्या अंगणवाडीत मिसळावी लागेल. मध्ये बिनकठड्याचा पूल. त्याच्यावरून कुठली आई लेकरू पाठवणार? मिसळणं म्हणजे बंद करणं, हे मॅडमनाही माहीत होतं.

उत्कर्षा उठली होती ती "बरं मॅडम" म्हणायला. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आमच्याकडंपण समुद्रकिनारा दिवस हाय. तुमी येऊन बघा, मग ठरवा."

"समुद्रकिनारा?" मॅडम म्हणाल्या. "लासुर्ण्यात?"

"लासुर्ण्यात न्हाय मॅडम. पाटमळ्यात."

तिने स्वतः समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत. गाडी लागल्यामुळे तिचं डोकं खिडकीबाहेर होतं, आणि समुद्र दुसऱ्या खिडकीच्या बाजूला होता. समुद्र म्हटलं की तिला आजही हुंगायला दिलेल्या लिंबाचा वास येई. पण बोललेला शब्द गिळायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने रात्रीतून उपक्रम ठरवले, रंगीत खडूने पुठ्ठ्यावर लिहिले आणि पुठ्ठा दाराला लावला. आता तो अर्धा वाळूत होता.

*उपक्रम पहिला: समुद्राची ओळख*

शेततळ्याचा निळा कागद पसरला होता, कडेला विटा लावल्या होत्या आणि मध्ये पोरांचे घोटे बुडतील एवढं पाणी. कुणीतरी कालव्यातून खेकडा धरून आणला होता. त्याला मोठ्या भांड्यात ठेवून वर जाळी घातली. पोरं गोल बसली. पोरांच्या मागे ठमाबाईही बसल्या, कारण समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता.

"समुद्र म्हणजे खूप खूप पाणी," उत्कर्षा म्हणाली.

"कालव्यापेक्षा?" छोट्या श्रेयाने विचारलं.

"कालव्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्याला कालव्यासारखं पाळीपाळीचं रोटेशन नसतं. रोज पाणी असतं."

पोरांपेक्षा ठमाबाईंचा चेहरा जास्त बदलला. "रोज? बिगर रोटेशनचं?"

"रोज."

"मग काठाला ऊस किती असंल."

"ऊस नसतो, ठमाकाकू. पाणी खारं असतं."

ठमाबाईंनी थोडा विचार केला. "मग एवढं पाणी ठेवलंय कशाला?"

उत्कर्षाने घाईघाईने सगळ्यांचं लक्ष खेकड्याकडे वळवलं. ठमाबाईंचा पुढचा प्रश्न तयारच होता. "आन पलीकडं कुणाचा मळा हाय?"

*उपक्रम दुसरा: वाळूचा किल्ला*

किल्ल्याऐवजी भूमिपूजन झालं.

त्याचं असं आहे. पाटमळ्याच्या अंगणवाडीला नवी खोली मंजूर होऊन जमाना लोटला होता. दर निवडणुकीला ती नव्याने मंजूर होई. त्यामुळे अंगणवाडीच्या दारात वाळूचा ढीग पडला म्हटल्यावर वस्तीने दुसरा अर्थ काढायचं काही कारणच नव्हतं. सरकारी इमारतीपुढे वाळू पडते ती बांधकामासाठीच. श्रेयाच्या किल्ल्याला पहिला बुरूज चढत होता तोवर उपसरपंच दादासो कडक इस्त्रीच्या कपड्यांत हजर झाले. हातात नारळ, मागे फोटो काढायला पुतण्या.

"बाई, काम चालू करायचं आन आमाला सांगायचंबी न्हाय?"

"काम न्हाय हे. समुद्र हाय," उत्कर्षा म्हणाली.

दादासोंनी समजूतदारपणे मान हलवली. "समुद्र नंतर करू. आधी मुहूर्त."

टिकाव मागवला तर टिकाव मिळेना. वेळ जायला नको म्हणून दादासोंनी श्रेयाच्या हातातलं लाल प्लॅस्टिकचं खोरं उचललं आणि कॅमेऱ्याकडे बघत पहिला घाव घातला. घाव बरोबर बुरुजावर बसला. श्रेयाने भोकाड पसरलं. पुतण्याने फोटो काढला. नारळ फुटला, पाणी वाळूत जिरलं, आणि विकासकामाचा शुभारंभ गावाच्या ग्रुपवर पडला, हसरे दादासो आणि रडणारी श्रेया यांच्यासकट.

उत्कर्षा पुढे झाली. आतापर्यंत ती बाजूला उभी होती, पण बुरूज पडलेला तिने पाहिला होता.

"दादासो, चपला काढा."

"आं?"

"किनाऱ्यावर चपला चालत न्हाईत. आणि जो किल्ला मोडतो त्यानंच तो बांधून द्यायचा, हा आमचा नियम हाय."

असा नियम नव्हता. त्या क्षणी झाला. सगळी पोरं दादासोंकडे बघत होती, आणि पोरांच्या मागे आता त्यांच्या आयाही जमल्या होत्या, म्हणजे मतदार. दादासोंनी चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि बसले.

*उपक्रम: नारळ ओळखा*

हा पुठ्ठ्यावर नव्हताच. नारळ आपले चालत आले.

ग्रुपवरचा फोटो पाहून माजी सरपंच जोतीराम आबा जेवणावरून उठले होते. खोली मंजूर झाली ती त्यांच्या काळात, असं त्यांचं म्हणणं. मग दुसऱ्याने नारळ फोडायचा म्हणजे काय. त्यांनी दादासोंच्या नारळापेक्षा मोठा, शेंडीवाला नारळ आणला होता.

"दादासो, मंजुरी माझी."

"मंजुरी तुमची आसंल, आबा. वाळू आमच्या काळात पडली," दादासो वाळूत बसूनच म्हणाले. त्यांचा बुरूज बऱ्यापैकी उभा राहत होता.

"आबा, चपला काढा," श्रेया म्हणाली.

आबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि काढल्या. ठमाबाई तोवर पहिल्या नारळाचे तुकडे पोरांना वाटत होत्या. समुद्राला नारळ असतो, असं उत्कर्षाने सांगून टाकलं; तेवढं ज्ञान पोरांच्या पदरात पडलं, आणि ते बरोबरच होतं. आबांनी दुसरा नारळ फोडायला हात वर उचलला

*उपक्रम तिसरा: लाटांचं गाणं*

आणि मोटारसायकल आली.

मोटारसायकलवर तलाठी भाऊसाहेब, मागे कोतवाल. फोटो त्यांनीही पाहिला होता. त्यांना त्यात ना दादासो दिसले, ना श्रेया. त्यांना दिसला मागचा ढीग. या भागात वाळू म्हणजे काय चीज आहे हे सांगायला नको. सोनं घरात उघडं ठेवलं तर चालेल, वाळूला कागद लागतो.

"काम कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

आत्तापर्यंत त्या कामाला दोन बाप होते. आता एकही उरला नाही.

"मी लेकरांचा कार्यक्रम बघायला आलोय," दादासो म्हणाले.

"मी नातवाला न्यायला आलो," जोतीराम आबांनी हातातला नारळ पाठीमागे नेला आणि ते दादासोंशेजारी वाळूत बसले. त्यांचा नातू ऋषिराज पिवळ्या व्हॅनने जातो, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

"मग वाळू कुणाची? पावती दाखवा. पावती नसंल तर ज्यानं आणून टाकली त्याचा ट्रॅक्टर जप्त."

पावती होती, पण ती अकबरच्या घराच्या बांधकामाची. अंगणवाडीपर्यंतच्या वाहतुकीची नव्हती. रस्त्यावर त्याचा ट्रॅक्टर उभा होता, पण वस्तीत ट्रॅक्टर दारोदार, त्यावरून कळण्यासारखं काही नव्हतं. कडेला उभ्या अकबरने पुढे यायला पाय उचलला. आणि त्याच वेळी अस्माने तिचं आवडतं वाक्य सुरू केलं, "ही आमच्या घर..."

ठमाबाईंनी तिच्या तोंडात खोबऱ्याचा मोठा तुकडा घातला.

उत्कर्षाला एका दमात सगळं कळलं. खरं सांगावं तर अकबरचा ट्रॅक्टर जातो. चूक झाली म्हणून वाळू उचलून न्यायला लावावी तर योगिनी मॅडम यायच्या आत समुद्रच जातो, आणि समुद्रापाठोपाठ अंगणवाडी. घाबरून जायला दोन्ही कारणं पुरेशी होती. पण ती घाबरायच्या ऐवजी चिडली. पदर खोचून ती ढिगाच्या पुढे उभी राहिली.

"भाऊसाहेब, समुद्रावर वाळू कोण आणून टाकतं?"

"काय?"

"समुद्रावर वाळू असतीच. ती कुणी आणत न्हाय. हा आमचा समुद्र हाय," तिने निळ्या कागदाकडे बोट केलं, "आणि ही त्याची वाळू."

भाऊसाहेबांनी निळा कागद पाहिला. त्यावरचं घोटाभर पाणी, कागदाच्या होड्या, जाळीखाली खेकडा. नोकरीत त्यांनी वाळूची अनेक कारणं ऐकली होती. पुरानं आणली, वाऱ्यानं आली, भाऊबंदानं मुद्दाम टाकली. समुद्राची आहे, हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"म्हंजे मालक कुणी न्हाय?"

"समुद्राला मालक असतो का?"

"म्हंजे बेवारस," भाऊसाहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांना दुपारच्या आत बारामतीला पोचायचं होतं. "चला, मोजून घेऊ."

*उपक्रम चौथा: मोजूया, शिकूया*

हा मात्र पुठ्ठ्यावर होता.

ढीग मोजायचा तर त्याला आकार पाहिजे. ह्या ढिगाला आता सात-आठ किल्ले, एक विहीर, एक साखर कारखाना आणि खेकड्यासाठी खोदलेलं भुयार होतं. भाऊसाहेबांनी फर्मावलं की वाळू एकत्र ओढा.

"पोरांचा उपक्रम चालू हाय," उत्कर्षा म्हणाली. "तुमीच सांगून बघा त्यांना."

भाऊसाहेब श्रेयापुढे वाकले आणि गोड आवाजात म्हणाले की बाळा, जरा बाजूला हो. श्रेयाने त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने भाऊसाहेब मोजे खिशात घालून अनवाणी टेप धरत होते. टेपचं दुसरं टोक पोरांनी पकडलं होतं आणि कोतवाल जिथं सांगेल त्याच्या बरोबर उलट दिशेला पळत होती.

"उंची कशी धरायची, भाऊसाहेब?" कोतवालाने विचारलं. "किल्ल्यासकट का किल्ल्याबिगर?"

एवढ्यात हॉर्न वाजला. पिवळी व्हॅन परतत होती, पण रस्त्यावर ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि अर्धी वस्ती. व्हॅन थांबली, दार सरकलं आणि आतून गॉगल लावलेली, टोपी घातलेली, कोरडी ठणठणीत पोरं बाहेर बघू लागली. त्यांचा बीच डे हॉलमध्ये झाला होता. निळ्या सतरंजीवर बसून त्यांनी वाळूचं चित्र पाहिलं होतं, कारण खऱ्या वाळूने युनिफॉर्म मळतो. ऋषिराजने खऱ्या वाळूत बसलेले स्वतःचे आजोबा पाहिले आणि ड्रायव्हरने धरायच्या आत उडी टाकली. त्याच्यामागे उरलेला बीच डे उतरला.

आणि नेमक्या त्याच घडीला योगिनी मॅडमची स्कूटी आली.

मॅडमनी हेल्मेट काढलं. समोर माजी सरपंच आणि उपसरपंच शेजारी शेजारी बसून बुरूज थापत होते, जे पाटमळ्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं. एक सरकारी माणूस अनवाणी टेप घेऊन पोरांमागे पळत होता. गॉगलवाली पोरं भुयारात हात घालत होती. आया कडेला उभ्या राहून हसत होत्या आणि कुणीही घरी जात नव्हतं.

"उत्कर्षाताई, हे काय चाललंय?"

"मोजमापाचा उपक्रम, मॅडम," उत्कर्षा म्हणाली. "लोकसहभागातून."

भाऊसाहेबांना मात्र सहभाग पुरे झाला होता. त्यांनी मोजे चढवत निकाल सांगितला. साठा बेवारस म्हणून जप्त. वरून आदेश येईपर्यंत वाळू इथून हलवायची नाही, न्यायची नाही, विकायची नाही. कुणीतरी ताबा घ्यायचा. कोतवालाने आभाळाकडे पाहिलं. दादासोंना एकदम काम आठवलं. जोतीराम आबा नारळ तिथंच टाकून नातवाच्या मागे धावले.

"माझ्या ताब्यात द्या," उत्कर्षा म्हणाली.

"विचार करा, बाई. जबाबदारी हाय."

"केला. पोरं खेळली तर चालंल?"

भाऊसाहेबांनी डोकं खाजवलं. "वाळू जागेवर पाहिजे. खाली-वर झाली तर झाली. जागेवर पाहिजे."

"एक मिनिट," योगिनी मॅडम पुढे आल्या. "ही अंगणवाडी पुढच्या महिन्यात पलीकडे हलणार आहे."

"हलवा की, आमचं काय न्हाय," भाऊसाहेब मोटारसायकलला किक मारत म्हणाले. "पण मुद्देमाल हितं आन ताबेदार तितं, असं चालत न्हाय. बाई गेल्या तर ताबा तुमच्या नावावर करून घ्या."

मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. त्यांच्या सँडलमध्ये वाळू गेली होती. त्यांनी ती काढली, हातावर घेतली, आणि मुद्देमाल असल्याचं आठवून हळूच पुन्हा ढिगावर टाकली.

"आदेश कधी येतो साधारण?"

"येतो," भाऊसाहेब म्हणाले. "वरच्या वस्तीवर एक ढीग धरला व्हता. त्याचाबी यायचा हाय. त्याच्यावर कडुलिंबाचं झाड आलंय. गुरं बसत्यात सावलीला."

मोटारसायकल गेली. मॅडम हेल्मेट चढवू लागल्या. मग व्हॅनपाशी उभ्या असलेल्या एका आईने येऊन विचारलं, नाव परत घालायला काय लागतं. मॅडमनी उत्कर्षाकडे पाहिलं.

"आदेश येईपर्यंत राहू दे अंगणवाडी इथंच," त्या म्हणाल्या. आणि स्कूटी चालू करता करता, "लाटांचं गाणं राहिलं का तुमचं?"

"राहिलं, मॅडम. उद्या घेऊ. समुद्र कुठं जातोय आता?"

*उपक्रम शेवटचा: घरी जाताना*

पोरांना एकेक करून उंबऱ्याशी उभं केलं गेलं. खिसे उलटे, मोजे उलटे, टोप्या उलट्या. उत्कर्षा प्रत्येकाला झटकत होती आणि सांगत होती, सरकारी वाळू आहे, घरी न्यायची नाही. अकबर रिकामी ट्रॉली घेऊन निघाला तेव्हा त्याने तिला रामराम केला. अस्माच्या तोंडातलं खोबरं एकदाचं संपलं होतं. "ही आमच्या घरची..." तिने सुरुवात केली, आणि अकबरने ट्रॅक्टरचा आवाज वाढवला.

सगळे गेल्यावर उत्कर्षा दार लावायला वळली तर ठमाबाई ढिगाच्या टोकाशी वाकून बसलेल्या. हाताने खड्डा करून त्या त्यात जोतीराम आबांचा न फुटलेला, शेंडीवाला नारळ उभा बसवत होत्या.

"ठमाकाकू, हे काय?"

"समुद्राला नारळ असतो म्हणत व्हतीस न्हवं."

"पूजेचा सोललेला नारळ कुठं उगवतो? आणि उगवलाच तरी किती वर्षं लागतील."

ठमाबाईंनी वरून वाळू सारली, निळ्या कागदातलं ओंजळभर पाणी आणून घातलं आणि हात झटकले. तेही ढिगावरच.

"लागू देत," त्या म्हणाल्या. "आदेश यायच्या आत उगवंल."